ओल्या धोतराचे अर्थकारण

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने मोटारी, दूरचित्रवाणी संच आणि विम्याचे हप्ते यांच्या हिशेबांनी भरून गेले. त्याच दरपत्रकात एका कोपऱ्यातल्या ओळीत आणखी एक बदल होता. लहान मुलांचे लंगोट आणि रुग्णांनी वापरावयाचे डायपर यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. या ओळीची चर्चा फारशी झाली नाही, यात आश्चर्य नाही. ज्यांच्या रोजच्या जगण्याशी ती ओळ निगडित आहे, ती माणसे आपल्या गरजेचे नाव चारचौघांत घेत नाहीत. जी गरज बोलली जात नाही, ती मागणी होत नाही. आणि जी मागणी होत नाही, तिची दखल ना बाजार नीट घेतो, ना शासन.

गरज आहे ती लघवीवरचा ताबा सुटलेल्या माणसाला कोरडे राहण्याची. हा त्रास स्त्रियांत अधिक प्रमाणात आढळतो हे खरे. परंतु वृद्ध पुरुषांतही तो विरळा नाही. वयाच्या साठीच्या आसपास सुमारे निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. प्रत्येकालाच त्याचा त्रास होतो असे नाही, पण ज्यांना होतो त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत ताबा ढिला पडतो. त्यात मधुमेह, पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश, पाठीच्या कण्याची दुखापत, प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया यांची भर पडते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यानंतर ती संख्या वाढतच गेली आहे. तेव्हा हा कोणा एका दुर्दैवी म्हाताऱ्याचा खाजगी प्रश्न आहे, असे मानून चालणार नाही.

तरीही तो खाजगीच राहिला आहे, कारण पुरुषपणाची आपली कल्पना. पोराटोरांनी अंथरूण ओले केले तर ते कौतुकाने झाकले जाते. घरच्या कर्त्या पुरुषाने केले तर सारे घर न पाहिल्यासारखे करते आणि तो स्वतः न घडल्यासारखे. मग हळूहळू त्याचे जग आकसू लागते. प्रथम एस.टी.चा लांबचा प्रवास सुटतो. मग लग्नकार्य, मग देवळातले कीर्तन, मग पारावरची बैठक. वर्षानुवर्षे पायी वारी करणारा माणूस यंदा गुडघे दुखतात असे सांगून घरी बसतो. गुडघे दुखतही असतील; पण खरे कारण दुसरेच असते, आणि ते त्याच्या बायकोखेरीज कोणाला ठाऊक नसते. बाहेर पडावेच लागले तर तो पाणी पिणे सोडतो. हा उपाय तर रोगाहून वाईट. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुर लागते, बद्धकोष्ठ होतो, संसर्गाला वाट मिळते आणि त्रास वाढतो.

या बाबतीत पहिली गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे, ती अशी की ताबा सुटणे हे वार्धक्याचे अटळ भोगणे नव्हे. ते लक्षण आहे, आणि लक्षणामागे कारण असते. खोकताना, उठताना, ओझे उचलताना थोडी लघवी निसटते तो प्रकार निराळा. लागली की थांबवतच नाही, मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच होते तो निराळा. आणि मूत्राशय कधी नीट रिकामाच होत नाही, तो भरून वाहू लागतो व थेंब थेंब गळत राहतो, तो तिसरा. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा. माणसाला वाटते लघवी फार होते. वस्तुतः ती अडलेली असते. अशा माणसाने केवळ डायपर लावून दिवस काढले, तर कपडे कोरडे राहतात आणि आत मूत्रपिंडांवर ताण येत राहतो. म्हणून कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी एकदा डॉक्टरांची तपासणी हवी. लघवीतून रक्त जाणे, ताप, लघवी अचानक पूर्ण अडणे, किंवा पाय लुळे पडून ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर ती तपासणी उद्यावर टाकता येत नाही. अनेकांना औषधाने, ठराविक वेळी लघवीला जाण्याच्या सवयीने किंवा कटितळाच्या स्नायूंच्या व्यायामाने गुण येतो. आर्नॉल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरने १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी हे व्यायाम मांडले. आज ते प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही शिकवले जातात. त्या शस्त्रक्रियेनंतर गळती होणाऱ्या बहुसंख्य पुरुषांचा ताबा काही महिन्यांत ते वर्षभरात बऱ्याच अंशी परत येतो. ही माहिती मिळाली नाही, तर माणूस ते वर्ष जन्मठेप समजून काढतो.

तथापि उपचार चालू असताना, आणि उपचार थकल्यानंतरही, कोरडे राहण्याचे साधन लागतेच. येथे बाजाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक खालच्या आवाजात विचारते आणि दुकानदार तितक्याच खालच्या आवाजात एकच वस्तू पुढे करतो, ती म्हणजे मोठ्यांचा डायपर. अर्थशास्त्रात बाजाराच्या कार्यक्षमतेचे गोडवे गाताना एक गृहीत धरलेले असते, की ग्राहकाला पर्यायांची माहिती आहे. जेथे लाजेने प्रश्नच विचारला जात नाही, तेथे हे गृहीत कोसळते. परिणामी दिवसाला चार थेंब गळणारा माणूस अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा डायपर लावून, जाडजूड आणि घामेजला होऊन फिरतो. त्याचे पैसेही जातात आणि चालणेही.

वास्तविक पर्याय अनेक आहेत आणि निवडीचा नियम सोपा आहे: गळती किती, केव्हा, आणि माणूस उठता-फिरता आहे की निजून, हे आधी ठरवावे. गळती मोजण्यासाठी घरचा तराजू पुरतो. कोरडे पॅड वजन करावे, वापरलेले पिशवीत घालून पुन्हा करावे. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर लघवी, असे ढोबळ मानाने धरता येते. थोडी गळती असेल तर पुरुषांसाठी निघालेले लहान, पुढच्या बाजूस खोलगट पॅड पुरते. ते आतून चिकटते आणि घट्ट चड्डीत नीट बसते, सैल लेंग्याखाली नुसते ठेवले तर सरकते. स्त्रियांचे मासिक पाळीचे पॅड येथे कामाचे नाही, कारण त्याची रचना निराळ्या द्रवासाठी व निराळ्या जागेसाठी केलेली असते. मध्यम गळतीच्या आणि हिंडत्या-फिरत्या माणसाला ओढून घालायची शोषक चड्डी सोयीची. ती स्वतःची स्वतःला घालता-काढता येते. मात्र बदलताना विजार पूर्ण उतरवावी लागते, ही तिची अडचण. निजून असलेल्या माणसाला चिकटपट्ट्यांचा डायपर बरा. कूस बदलून तो दुसऱ्याला लावता येतो. त्याचे माप वजनावरून न घेता कमरेच्या घेरावरून घ्यावे. मोठा घेतला म्हणजे जास्त शोषतो ही समजूत चुकीची. सैल डायपर जांघेतून गळतो. एकच प्रकार चोवीस तास वापरण्याचेही बंधन नाही. दिवसा पॅड आणि रात्री डायपर, घरी धुवायची चड्डी आणि प्रवासात टाकाऊ, अशी सांगड घालणारा माणूस पैशानेही वाचतो आणि त्वचेनेही.

पुरुषांसाठी आणखी एक साधन आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याला कंडोम कॅथेटर म्हणतात. मूत्रमार्गात नळी न घालता शिश्नावर चढवायचे ते पातळ आवरण असते. त्याच्या टोकाची नळी मांडीला बांधलेल्या पिशवीत उतरते आणि वर धोतर वा विजार असली की कोणाला काही दिसत नाही. मूत्राशयात कायम ठेवलेल्या नळीपेक्षा यात संसर्गाचा धोका कमी असतो. ज्या माणसाला लांबचा प्रवास करायचा आहे, सभेला बसायचे आहे, रात्रभर झोपायचे आहे, त्याच्यासाठी हे साधन मोलाचे. परंतु शिस्त हवी. घेर मोजून योग्य मापाचे घ्यावे. सैल असेल तर निघते, घट्ट असेल तर रक्तप्रवाह अडवते. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी, केस कापून ठेवावेत, पुढची त्वचा मागे सारली असल्यास परत पुढे आणावी, टोकाशी थोडी मोकळी जागा ठेवावी. वरून साधी चिकटपट्टी गुंडाळून आवळणे हा प्रकार घातक आहे. सामान्यतः आवरण रोज बदलावे, आणि बदलताना त्वचेवर लाली, फोड वा सूज आहे का ते पाहावे. रबराची ॲलर्जी असेल तर सिलिकोनचे घ्यावे. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी आणि अर्धी-पाऊण भरताच रिकामी करावी. ज्याची लघवी आत अडते त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे साधन वापरू नये. स्मृतिभ्रंश झालेला माणूस ते ओढून काढतो, हेही लक्षात ठेवावे. शिश्नाला लावायचा चिमटाही मिळतो. तो दर एक-दोन तासांनी सोडावा लागतो, आणि ज्याची संवेदना किंवा स्मरण कमी झाले आहे त्याच्या हाती तो देऊ नये.

वापरण्याचेही शास्त्र आहे. पॅड लावण्यापूर्वी लांबीत दुमडून त्याला पन्हळीचा आकार द्यावा, आणि पुरुषाने शिश्न खालच्या दिशेला ठेवावे, म्हणजे लघवी कमरेच्या कडेने वर न येता शोषक भागात जाते. पाकिटावर छापलेली शोषणक्षमता प्रयोगशाळेतली असते. अंगावर, बसल्या-निजल्या दाबाखाली, ती कमी भरते. ओले झालेले पॅड पैसे वाचवण्यासाठी दिवसभर तसेच ठेवले, तर त्वचा सोलवटते, आणि त्या मलमाचा व डॉक्टरांचा खर्च वाचवलेल्या पैशाला गिळतो. दर बदलाला साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करावे, न चोळावे. झिंक ऑक्साइडचे मलम वा पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावावी. थर जाड झाला की पॅडचे तोंड बुजते आणि ते शोषत नाही. निजून असलेल्या माणसाजवळ लघवीचे भांडे हाताशी ठेवले, तरी दिवसाचे एक-दोन डायपर वाचतात.

आता हिशेबाकडे वळावे. एक डायपर चाळीस रुपयांना आणि दिवसाला तीन, असे धरले तर दिवसाला १२० रुपये, महिन्याला ३,६०० आणि वर्षाला ४३,२०० रुपये होतात. कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याने, कंपनी व दुकानदार यांनी सवलत पुरतेपणी खाली पोहोचवली असे मानले तरी, या महिन्याच्या खर्चात सुमारे सव्वादोनशे रुपयांची बचत होते. म्हणजे दोन दिवसांचा माल सुटला. स्वागतच आहे. परंतु महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ मध्ये वाढवले गेले ते दरमहा १,५०० रुपयांवर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी केंद्राचा वाटा तर दरमहा २०० रुपयांचा. ज्याचे सारे निवृत्तिवेतन साडेबारा दिवसांच्या डायपरात संपते, त्याला करातील सात टक्क्यांची सूट कितीशी पोहोचणार? बाजार समितीत आयुष्यभर पोती वाहिलेला हमाल, ऊसतोडीचा मजूर, गिरणीतून बाहेर पडलेला कामगार यांच्या घरी डायपर येतच नाही. तेथे जुने लुगडे फाडून घड्या घातल्या जातात.

या घड्या कोण धुतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसतो. बायको धुते, सून धुते, क्वचित लेक धुते. कापड स्वस्त पडते असे म्हणतात ते याचमुळे: त्या बाईच्या श्रमाची किंमत शून्य धरलेली असते. रात्री तीनदा उठणे, अंथरूण बदलणे, पहाटे आडावर वा नळावर कोणी येण्याआधी धुणे उरकणे आणि सकाळी पुन्हा रोजावर जाणे, हे सारे 'घरचे काम' या एका शब्दात बसवले जाते. पुरुषाची लाज राखण्याचा खर्च अशा रीतीने स्त्रीच्या अंगावर पडतो. आणि जेथे डायपर परवडतो तेथे तोच खर्च आणखी एक पायरी खाली उतरतो, कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले डायपर व मूत्रशोषक चादरी यांचा समावेश सॅनिटरी कचऱ्यात केला, त्या वेगळ्या गुंडाळून देण्यास सांगितले आणि गुंडाळण्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि त्यातूनच पुढे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. अशा कचऱ्याची पुडी कागदात बांधून तिच्यावर लाल ठिपका काढून द्या, एवढीच या स्त्रियांची मागणी. एवढे सौजन्यही अनेक सुखवस्तू घरांना जड जाते.

या साऱ्याला पर्याय नाही असे नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत गरजेची तपासणी करून रुग्णाला पॅड पुरवण्याची सोय आहे. किती द्यायचे यावर तेथे मर्यादा घातल्या जातात आणि त्याबद्दल तक्रारीही होतात, पण हक्काचे तत्त्व मान्य आहे. जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला. तेथील ओजी होल्डिंग्ज या कागद उद्योगाने २०२४ मध्ये देशांतर्गत बाळांच्या डायपरांचे उत्पादन थांबवून मोठ्यांच्या डायपरांवर भर देण्याचे जाहीर केले. वृद्ध होत जाणाऱ्या समाजाची दिशा त्यावरून कळते. आणखी एक गोष्ट विसरू नये. स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार करण्याच्या शास्त्रातला एक महत्त्वाचा आरंभ अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत, म्हणजे जनतेच्या पैशातून, झाला. शोधाला जनतेचा पैसा लागला, तर त्याचा लाभ केवळ ऐपतदारांपुरता का राहावा?

आपल्याकडे करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. २०१७ मध्ये केंद्राने राष्ट्रीय वयोश्री योजना काढली तेव्हा तिच्या यादीत काठी, कुबडी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, चाकाची खुर्ची होती. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशाच साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये जाहीर केले. चालणे, ऐकणे, पाहणे या गरजा आहेत, तशीच कोरडे राहणे हीही आहे. फरक इतकाच की काठी एकदा मिळाली की वर्षे टिकते. पॅड रोज लागते. म्हणून येथे एकरकमी दान पुरत नाही, दरमहा पुरवठा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी, परिचारिकेकडून साधनाची निवड व वापराचे शिक्षण, आणि दारिद्र्यातल्या रुग्णाला महिन्याचा साठा, अशी व्यवस्था उभी करता येईल. कंडोम कॅथेटर व पिशव्या जिल्हा रुग्णालयाच्या भांडारातून मिळाव्यात. एस.टी. स्थानके, रेल्वे स्थानके, न्यायालये यांतील पुरुषांच्या स्वच्छतागृहांत दार लागणारी एक खोली, एक खुंटी आणि झाकणाची एक कचरापेटी असावी. आज पॅड बदलायचे असेल तर पुरुषाला ते खिशात घालून घरी न्यावे लागते. आणि बचत गटांना धुता येणाऱ्या शोषक चड्ड्या शिवण्याचे काम दिले, तर स्वस्त माल व रोजगार दोन्ही साधतील.

पण या सर्वांच्या आधी बोलणे हवे. सॅनिटरी नॅपकिनवर २०१७ मध्ये १२ टक्के कर बसला, तेव्हा स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. पिढ्यान् पिढ्या दडवलेली गोष्ट त्यांनी रस्त्यावर व न्यायालयात मांडली, आणि जुलै २०१८ मध्ये तो कर पूर्ण रद्द झाला. म्हाताऱ्या पुरुषांच्या डायपरवर कर त्यानंतरही सात वर्षे १२ टक्केच राहिला आणि आज ५ टक्के आहे, कारण त्यांच्या बाजूने कोणी ओरडले नाही. ते स्वतः तर नाहीच नाही. बायकांनी जे धैर्य दाखवले ते पुरुषांना दाखवता येऊ नये, हा पुरुषार्थाचा मोठा अजब नमुना म्हटला पाहिजे.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांत निवृत्तिवेतन आणि प्रवास सवलत यांवर ठराव होतात. पुढच्या सभेत या विषयावर एक ठराव मांडला जावा. तो मांडायला उठणाऱ्या पहिल्या माणसाकडे दोन-चार जण पाहून हसतील. पण सभा संपल्यावर कोणीतरी त्याला बाजूला घेईल आणि खालच्या आवाजात विचारील की ते साधन मिळते कोठे.